भावजींचा एक नंबर

चुका पकडण्याचा मी पगार घेते. छापखान्यात मुद्रितं तपासते, गेली एकवीस वर्षं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून मी भल्याभल्या लेखकांना धारेवर धरलंय. एवढं असून आमच्याच घरात अकरा वर्षं एक चूक खाऊनपिऊन वाढत होती आणि मला तिचा वाससुद्धा आला नाही. वर ती घरात आणली मीच. हा धक्का अजून पचलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तर आमचे भावजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे, हत्यारांची पिशवी वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. काम लिफ्ट दुरुस्तीचं. दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उभं राहायचं आणि कान लावून ऐकायचं. दोर कुठे घासतो, चाक कुठे कुरकुरतं, दार कुठल्या मजल्यावर अडखळतं. त्यामुळे कामावरून सुटल्यावर त्यांना आणखी आवाज नको असतो, आणि स्वतःचाही आवाज ते फारसा काढत नाहीत. ताई म्हणते, "यांच्याशी संसार म्हणजे सगळं आपणच बोलायचं आणि आपणच हो म्हणायचं."

त्यांच्या कंपनीच्या जुन्या बनावटीच्या लिफ्ट अजून देशात आणि देशाबाहेर कुठेकुठे चालतात. त्यांची नस ओळखणारे आता दोघंच उरलेत, आणि दुसरे गृहस्थ विमानाला घाबरतात. म्हणून वर्षाकाठी सहा-सात दौरे भावजींच्याच वाट्याला येतात.

पबचा नाद लागला तो अशाच एका दौऱ्यात. कुठल्याशा थंड देशातल्या हॉटेलची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. दोन दिवस झुंजून भावजींनी ती हलवली आणि बाहेर पडले तर धो धो पाऊस. समोर दिसलेल्या दारात शिरले, तो पब निघाला. गल्ल्यामागच्या म्हाताऱ्याने त्यांचा ओला कोट काढून घेतला, शेगडीजवळ टांगला, अर्धा ग्लास बिअर पुढे सरकवली आणि परत आपल्या वर्तमानपत्रात डोकं घातलं. दोन तासांत त्याने एक प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर ही हकिकत भावजींनी आम्हाला जवळजवळ दहा वाक्यांत सांगितली. ताई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. लग्नातसुद्धा ते एवढं बोलले नव्हते.

तेव्हापासून जातील त्या गावी पब बघायचा, हा त्यांचा नेम झाला. पिणं म्हणाल तर चिमणीचं. अर्धा ग्लास आणि मूठभर खारे शेंगदाणे, बस. त्यांना पारखायचा असायचा तो पब. एकट्या माणसाला कुठे बसवतात? मोरीच्या दारापाशी, की भिंतीला पाठ टेकता येईल अशा जागी? टेबल डुगडुगतं का? शेंगदाणे संपायच्या आत बशी उचलतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शांत बसू देतात का? एका वहीत ते हे सगळं टिपून ठेवायचे, आणि शेवटी पबला नंबर द्यायचे.

ती वही बघून मीच म्हटलं, "भावजी, हे फोनवर टाका की. त्याची खास साइट असते. लोकांना उपयोग होईल." मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. एका दुपारी, छापखान्यात जायची घाई असताना, मी त्यांच्या फोनवर त्यांचं खातं उघडून दिलं. नाव विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं नको." त्यांच्या पिशवीतून एक जुनी पत्र्याची पाटी डोकावत होती, 'तळमजला' लिहिलेली. मी तेच नाव टाकून दिलं. मग पाच तारे दाखवले आणि दारातून ओरडून सांगितलं, "एक ते पाच नंबर आहेत. हवा तो दाबा."

"एक ते पाच," भावजी म्हणाले. "कळलं."

आणि तळमजला जोरात चालला. भावजींचा स्वभाव मोजकं बोलण्याचा, लिहिणंही तसंच. दोन-तीन ओळी आणि एक नंबर. दुसऱ्यांची मतं ते वाचत नसत. म्हणायचे, "दुसऱ्याच्या जिभेने मी कशाला जेवू?" पण त्यांचं मत लोक वाचत होते. आज चारशे जणांना उपयोगी पडलं, आज नऊशे जणांना, असे निरोप फोनवर यायचे, आणि भावजी ते निरोप ताईला न बोलता दाखवायचे. ताई चष्मा लावून वाचायची आणि म्हणायची, "बरं आहे. जगाला तरी उपयोग आहे तुमचा."

मी त्यांचे शेरे अधूनमधून चाळायचे. एकदा एका बंदराच्या गावातला पब होता. 'तुफान गर्दी. गाणी एवढी मोठी की टेबल हलतं. लोक टेबलावर चढून नाचतात. दर पाच मिनिटांनी वेटर येऊन विचारतो, आणखी काय देऊ?' आणि खाली पाच तारे. मला हसूच आवरेना. म्हटलं, "काय भावजी, म्हातारपणी रंगात आलात! नाचलात की नाही?" ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. म्हणाले, "छातीत धडधडायला लागलं गं." मी त्याचा अर्थ मला हवा तो घेतला आणि दिवसभर छापखान्यात सगळ्यांना सांगत सुटले. मुद्रितात मी अशी चूक सोडली असती तर मालकांनी मला घरी बसवलं असतं.

गेल्या महिन्यात त्या साइटकडून पत्र आलं. तळमजला यांना 'मानाचे परीक्षक' केलं होतं. दोनशेच्या वर पब, हजारो वाचक. भावजींनी पत्र तीनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाले, "रविवारी चार वाजता तुम्हा दोघींना घेऊन जातो. माझ्या पबमध्ये."

त्यांचा पब म्हणजे घरापासून तीन गल्ल्यांवरचा. जगभरचे पब पालथे घालून ते मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते साडेसात तिथेच बसायचे. अकरा वर्षं. ताईने तो आतून कधी पाहिला नव्हता. तिने ठेवणीतली साडी नेसली आणि वाटेत दोनदा म्हणाली, "एवढं काय आहे तिथे बघू तरी."

होतं ते एवढंच. सात टेबलं. लाकडी गल्ला, त्याची कड माणसांच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेली. खिडकीच्या खालच्या काचा हिरव्या, वरच्या साध्या, म्हणजे रस्त्यावरचे पाय दिसत नाहीत, फक्त उजेड येतो. नुकतीच लिंबाने पुसलेली गल्ल्याची फळी दरवळत होती. पण चार टेबलांवरच्या खुर्च्या उलट्या ठेवून सुतळीने बांधल्या होत्या, आणि आम्ही सोडून आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यातलं एक टेबल मात्र मांडलेलं होतं. भावजी सरळ तिथे जाऊन भिंतीला पाठ टेकून बसले.

मालकीणबाई साठीच्या असतील. ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी न विचारता भावजींचा अर्धा ग्लास आणला, आम्हाला लिंबाचं सरबत दिलं आणि एरवीसारख्या परत न जाता, हे भावजींच्या चेहऱ्यावरून कळलं, टेबलाशी थांबल्या.

"बरं झालं साहेब, घरच्यांना घेऊन आलात. परत यायला मिळणार नाही त्यांना. महिनाअखेर बंद करतेय मी."

"काय बंद?" भावजींनी विचारलं.

"हेच. दुकान. जागा मोबाइलवाल्यांना दिली. सही झाली परवा."

भावजींचा हात शेंगदाण्यांच्या बशीवर तसाच राहिला. "का?" एवढंच ते म्हणाले, पण मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"गिऱ्हाईक नको का यायला? पलीकडच्या हॉटेलात उतरलेले लोक पूर्वी रोज असायचे. आता दारापर्यंत येतात, फोनमध्ये बघतात, आणि पुढे जातात. मी डोळ्यांनी बघते ना इथून." बाईंनी एप्रनच्या खिशातून फोन काढला. "हा एक मेला आहे. दर वर्षी न चुकता येतो, बसतो, आणि माझ्या नावाने खडे फोडून जातो. मोठा मानाचा परीक्षक आहे म्हणे. त्याचं बघून बाकीचेही तसंच लिहितात. तळमजला नाव त्याचं."

ताईने माझ्याकडे बघितलं. भावजी मात्र एकदम सावरून बसले, अगदी खुलले. त्यांना वाटलं, काहीतरी गैरसमज आहे, तो आता दूर होईल.

"काय लिहितो तो?" त्यांनी विचारलं.

बाई फोन लांब धरून वाचायला लागल्या. "'दिवे मंद. गाणी नाहीत. मालकीण बोलत नाही. दोन तास बसलो, कोणी काही विचारलं नाही.' पुढच्या वर्षी, 'काही बदललेलं नाही. तेच टेबल, तीच खुर्ची.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'पुन्हा आलो. अजून तसंच आहे.' ऐकलंत? आता दोन तास आपल्याशी कोणी बोललं नाही तर माणूस चिडणारच. माझंच चुकलं असेल म्हणून मी मध्ये गाणी लावायला सुरुवात केली. आठवत असेल तुम्हाला."

मलाही आठवत होतं. त्या वर्षी भावजी घरी येऊन डोकं धरून बसायचे.

"तर त्याने दोन दिले! मला वाटलं, चला, सुधारतोय. गाणी आणखी मोठी केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटले, कसं वाटलं, आणखी काय आणू. तर तीन! पण साहेब, माझंच डोकं फुटायची पाळी आली. शेवटी म्हटलं मरो, आणि बंद केलं. लगेच परत एक."

"पण बाई," भावजी हसून म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "एक नंबर दिलाय की त्याने!"

बाईंचा चेहरा उतरला. "थट्टा करू नका साहेब. तुम्ही तरी करू नका."

"थट्टा कसली? एक नंबर म्हणजे..." ते माझ्याकडे वळले. "सांग की गं यांना."

मला सांगावं लागलं. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी हातातला ग्लास घेऊन आत गेले असते. म्हटलं, "भावजी, पाच चांगला असतो. पाच तारे सगळ्यात चांगले."

"पाच?"

"पाच."

"म्हणजे एक?"

"एक सगळ्यात वाईट."

त्यांनी खिशातून फोन काढून तारे दाबून बघितले. मग अगदी हळू, लिफ्टचा बिघाड मालकाला समजावून सांगतात त्या आवाजात म्हणाले, "पाचवा दाबला की पाचही पेटतात. पॅनेलवर सगळे दिवे एकदम लागले म्हणजे बिघाड असतो. चालू लिफ्टचा एकच दिवा लागतो. मला वाटलं..."

मला काय वाटलं ते लिहिण्याची सोय नाही. आपण सगळे दिवसातून चार वेळा म्हणतो ना, काय एक नंबर झालंय, एक नंबर माणूस आहे. या माणसाने ते शब्दशः खरं मानलं होतं. जिथे जीव रमला तिथे एक. जिथून पळून यावंसं वाटलं तिथे पाच. आणि लिहिलेल्या दोन ओळी इतक्या कोरड्या, की दोन्हीकडून वाचता याव्यात. लोकांनी वाचल्या, त्यांना पटल्या, लोकांनी आभार मानले. जगाला जे हवं होतं त्याच्या बरोबर उलट माणूस जगाचा मानाचा परीक्षक झाला, आणि अकरा वर्षांत कोणाला काहीही खटकलं नाही. मलासुद्धा.

भावजी उभे राहिले. "बाई, तळमजला मीच."

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या खुर्चीकडे, मग परत त्यांच्याकडे. "तुम्ही?" हात मागे नेऊन त्यांनी स्टूल चाचपलं आणि बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देणार, द्यायलाच हव्यात. मी मनातून तयार होते, अर्ध्या मी घेणार होते.

"म्हणजे तुम्हाला आवडायचं इथे," त्या म्हणाल्या.

भावजींनी होकारार्थी मान हलवली.

"अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसलात. हे एवढ्या अंतरावर. फोनला सांगितलंत. जगाला सांगितलंत. मला एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं? मग कुठल्या मेल्याने किती तारे दिले, मी बघितलं तरी असतं का?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," भावजी म्हणाले.

"मला कसं माहीत असणार?"

आणि तेव्हा, कोणी काही विचारलेलं नसताना, ताई बोलली. ती रागावली नव्हती. सरबताच्या ग्लासावरचं पाणी बोटाने पुसत म्हणाली, "एकतीस वर्षं झाली लग्नाला. माझा नंबर कितवा, तेही मला अजून माहीत नाही."

भावजींनी तिच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. काही गोष्टी मेहुणीने बघू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात रजा टाकली. वही पुढ्यात घेऊन आम्ही सगळे नंबर उलटे करायला बसलो. ते पबचं नाव वाचायचे, मी तारे बदलायचे. प्रत्येक एकाच्या जागी पाच करताना मी ते नाव पुन्हा एकदा वाचत होते, कारण प्रत्येक एक म्हणजे कोणीतरी भलं माणूस होतं. कोट वाळत घालणाऱ्या म्हाताऱ्याची पाळी आली तेव्हा भावजींनी वहीत टिपलेला त्याचा फोन नंबर लावून बघितला. फोन लागलाच नाही. साइटवर त्या जागेपुढे 'कायमचे बंद' लिहिलं होतं. केव्हापासून, ते लिहिलेलं नव्हतं. भावजींनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "म्हातारा होता. तसाही थकला असेल." मी हो म्हटलं. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

साठेक नंबर बदलले असतील, आणि खातं बंद पडलं. एकाच दिवशी एवढी मतं फिरली म्हणजे खातं चोरीला गेलं, असं त्या साइटच्या यंत्राने ठरवलं. मी चार पत्रं लिहिली. चारही वेळा तेच उत्तर आलं, की मानाच्या परीक्षकांची मूळ मतं आम्ही सुरक्षित ठेवली आहेत, काळजी नसावी. म्हणजे केलेलं सगळं पुसून एक परत एक झाला, पाच परत पाच. मला तो निरोप वाचून हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की छापखान्यातल्या लोकांना वाटलं घरी काहीतरी झालंय.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी भावजी दुपारीच निघाले. ताईला म्हणाले, "चल." मलाही बोलावलं. वाटेभर ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. ताई मला हळूच म्हणाली, "काल रात्रीपासून पाठ करतायत."

पबमध्ये खुर्च्या नव्हत्याच. खिडकीच्या हिरव्या काचा काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि रस्त्यावरचे पाय दिसत होते. बाई गल्ल्यामागे उरलेले ग्लास कागदात गुंडाळत होत्या. कोपऱ्यात बसायला जागा नव्हती, म्हणून भावजी गल्ल्यासमोर उभे राहिले, लिफ्टमध्ये उभे राहतात तसे, दोन्ही हात बाजूला सोडून.

"बाई," ते म्हणाले. "मी पुष्कळ ठिकाणी बसलो. देशात बसलो, बाहेर बसलो. इथे बसलं की मला बरं वाटायचं. दिवसभराचा आवाज उतरायचा. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. माझ्यामुळे तुमचं दुकान गेलं."

एवढी वाक्यं. मी मोजली नाहीत. ताईने माझा दंड घट्ट धरला होता.

बाईंनी हातातला ग्लास गुंडाळून पूर्ण केला, खोक्यात ठेवला, मग त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांचा राग गेला होता की नाही, मला सांगता येणार नाही. आवाजात तर चिंताच होती.

"आणि आता मंगळवारी कुठे बसणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

भावजींनी तोंड उघडलं, खिशातल्या वहीवर हात ठेवला, पण वही काढली नाही. एवढे पब पाहिलेल्या त्या माणसाला एकही नाव सांगता आलं नाही.